ओपन सोर्स कोड वाचून शिका म्हणतात, पण वाचायचा कसा?

पहिली_ओळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नोकरीला लागून दोन वर्षं झाली, काम बहुतेक सगळं पायथनमध्ये, सी शिकताना जेवढं केलं तेवढंच. कोड चालतो, टेस्ट पास होतात, पण रिव्ह्यूला, म्हणजे टीममधल्यांना तपासायला, टाकला की दरवेळी त्याच त्या गोष्टी परत येतात, फंक्शन फार लांब झालंय, नावावरून काही कळत नाही, एरर आली तर काय होणार याचा विचार दिसत नाही. टीममधले सिनियर चांगले आहेत, समजावून सांगतात, पण हे शिकायचं कुठून म्हणून विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, चांगला ओपन सोर्स कोड वाच, म्हणजे लोकांनी सगळ्यांना वाचायला खुला ठेवलेला.

म्हणून वाचायला बसलो. रोज वापरतो ते एक मोठं वेब फ्रेमवर्क (वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा) क्लोन केलं, म्हणजे त्याचा सगळा कोड उतरवून घेतला, आणि प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तिथून वाचायला घेतलं. पहिल्या फंक्शनमधून दुसऱ्यात, तिथून बेस क्लासमध्ये, तिथून कुठल्यातरी मिक्सिनमध्ये, तिथून सेटिंगच्या फाइलमध्ये, आणि अर्ध्या तासाने आपण नेमके कुठून निघालो होतो तेच आठवेना. तीन संध्याकाळी हेच झालं. चौथ्या दिवशी म्हटलं काय काय शिकलो ते लिहून काढू, तर दोन ओळींच्या पुढे हात जाईना. वाचताना मात्र सगळं समजतंय असंच वाटत होतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

तर विचारायचं हे की सुरुवात कुठून करायची, मोठा प्रोजेक्ट घ्यायचा की छोटा, वाचताना नक्की बघायचं काय, आणि समोरचा कोड चांगला आहे हे माझ्यासारख्याला ओळखता कसं येणार? ज्यांनी खरंच असं वाचून स्वतःच्या कोडमध्ये फरक पडलेला बघितलाय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, नुसती प्रोजेक्टची नावं नकोत, ती शोधली की शंभर मिळतात.

---

खालची_फांदी

तुझी तीन संध्याकाळची गोष्ट वाचून मला माझी पहिली दोन वर्षं आठवली, मी पण असंच वरून खाली वाचत सुटायचो, कादंबरी वाचावी तसं. कोड तसा वाचता येत नाही कारण लिहिणाऱ्याने तो त्या क्रमाने लिहिलेलाच नसतो. आणि वाचताना समजतंय असं का वाटतं तर प्रत्येक ओळ सुटी सुटी समजत असते. ती ओळ अशीच का, दुसरी का नाही, हा प्रश्न डोक्यात येतच नाही, कारण दुसरी ओळ कशी असू शकली असती हे आपण कधी बघितलेलं नसतं.

म्हणून माझा एकच नियम आहे आणि त्याच्यावर मी ठाम आहे. आधी स्वतः लिही, मग त्यांचं उघड. काय करायचंय एवढंच डॉक्युमेंटेशनमधून वाचायचं, फाइल बंद ठेवायची, आपलं व्हर्जन लिहायचं, चालवून बघायचं, आणि मगच त्यांची फाइल शेजारी उघडायची. मग प्रत्येक फरक हा प्रश्न होतो, यांनी हे का केलं आणि मी का नाही केलं. तो प्रश्न एकदा पडला की उत्तर विसरता येत नाही.

एक उदाहरण पूर्ण सांगतो, तू पायथनवाला आहेस म्हणून पायथनचंच घेतो. स्टँडर्ड लायब्ररीत बायसेक्ट नावाचं मॉड्यूल आहे, सॉर्ट केलेल्या लिस्टमध्ये नवीन किंमत कुठे बसेल ती जागा शोधून देतं. अख्खी फाइल सव्वाशे ओळींच्या आसपास, त्यातही बऱ्याच ओळी डॉकस्ट्रिंगच्या, म्हणजे फंक्शन काय करतं ते सांगणाऱ्या मजकुराच्या. म्हणजे बायनरी सर्चच, दरवेळी मधली किंमत बघून अर्धी लिस्ट सोडत जायची, आपण सगळ्यांनी परीक्षेला लिहिलेलं. आता त्यात काय काय दिसतं बघ.

पहिलं म्हणजे जागा शोधणारी दोन फंक्शन आहेत, बायसेक्ट लेफ्ट आणि बायसेक्ट राइट. तीच किंमत लिस्टमध्ये आधीपासून असेल तर नवीन तिच्या आधी की नंतर, एवढाच फरक. आपण लिहिताना या प्रश्नाचा विचारच करत नाही, बहुतेक वेळा जे येईल ते येऊ देतो. इथे तो प्रश्न नावातच आणलाय, फंक्शन वापरणाऱ्याला तो समोर दिसतो.

दुसरं, दोन्ही फंक्शनमध्ये तुलना करताना फक्त 'लहान आहे का' एवढंच विचारलंय. मोठं, समान, मोठं-किंवा-समान काही नाही. लेफ्टमध्ये लिस्टमधली किंमत नवीनपेक्षा लहान आहे का, राइटमध्ये नवीन किंमत लिस्टमधलीपेक्षा लहान आहे का, बस. मी लिहिलं होतं तेव्हा एकीकडे लहान आणि दुसरीकडे लहान-किंवा-समान वापरलं होतं, आकड्यांवर दोन्ही चालतं. पण त्यांनी तिथे छोटी कॉमेंट ठेवलीये की लिस्टचं सॉर्ट पण फक्त लहान-आहे-का एवढंच वापरतं, त्याच्याशी जुळावं म्हणून असं. म्हणजे तू एखादा क्लास लिहिलास आणि त्यात फक्त 'लहान' ची व्याख्या दिलीस तर तो सॉर्टही होईल आणि त्याच्यात बायसेक्टही चालेल. दोन वेगळ्या ठिकाणच्या कोडनी एकमेकांना दिलेला शब्द पाळलाय. ही कॉमेंट काय करतोय हे सांगत नाही, का करतोय ते सांगते, आणि ती नसती तर पुढच्या कोणीतरी सफाई करताना ते बदलून टाकलं असतं.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. फाइलच्या शेवटी ते याच फंक्शनचं सीमधलं वेगवान व्हर्जन मिळतंय का बघतात, मिळालं तर तेच वापरतात, नाही तर हे पायथनचं आहेच. मग मी ती सीची फाइल उघडली. अल्गोरिदम तोच, पण मधली जागा काढताना दोन इंडेक्सची बेरीज करायच्या आधी त्यांनी टाइप बदलून साइन नसलेला केलाय आणि वर कॉमेंट, बेरीज ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे ठरलेल्या जागेत न मावून, निगेटिव्ह होऊ नये म्हणून, शिवाय इश्यूचा, म्हणजे त्या तक्रारीच्या नोंदीचा, नंबर. पायथनच्या फाइलमध्ये हे काहीच नाही कारण पायथनचा पूर्णांक कितीही मोठा होऊ शकतो. म्हणजे एकच ओळ एका भाषेत बरोबर आणि दुसऱ्या भाषेत बग. हाच बग जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये कित्येक वर्षं पडून होता, २००६ मध्ये ज्याने तो कोड लिहिला होता त्यानेच त्याबद्दल जाहीर लिहिलं. साधारण शंभर कोटी घटकांची ॲरे झाल्याशिवाय तो दिसतच नव्हता म्हणून कोणाला सापडला नाही.

सव्वाशे ओळींतून एवढं. तुझं फ्रेमवर्क तीन संध्याकाळी वाचून यातलं काही हाताला लागलं नाही याचं कारण हुशारी कमी पडली हे नाही, तुलना करायला तुझ्याकडे स्वतःचं काही नव्हतं. तर आधी बायसेक्ट, मग हीपक्यू (सगळ्यात लहान किंमत पटकन काढून देणारं), मग टेक्स्टरॅप (मजकूर ठरलेल्या रुंदीत बसवणारं), या क्रमाने जा, हीपक्यूच्या फाइलमध्ये तर हीप म्हणजे काय आणि ती अशी का ठेवलीये यावर मोठं विवेचन कोडसोबतच लिहून ठेवलंय. मोठा प्रोजेक्ट नंतर.

---

शून्य_इंडेक्स

वरच्या उत्तराशी सहमत, पण सी थोडंफार येत असेल तर रेडिस नक्की उघड, डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस. २००९ पासूनचा प्रोजेक्ट आहे आणि सीमध्ये असूनही वाचायला एवढा सरळ कोड मी फार कमी बघितलाय, मी बाकी नोकरीत सी कधी लिहिलं नाही तरी मला कळला. बिल्ड करायला पण भानगड नाही, मेक म्हटलं की झालं, आणि हे महत्त्वाचं आहे कारण जो कोड आपल्या मशीनवर चालत नाही तो वाचून अर्धाच कळतो, मधे एक प्रिंट टाकून बघायची सोय हवीच.

माझी पद्धत अशी की फंक्शन नंतर, आधी स्ट्रक्चर. डेटा कसा ठेवलाय ते कळलं की त्याच्यावरची फंक्शनं निम्मी आपोआप समजतात. एसडीएस डॉट एच म्हणून फाइल आहे, त्यांची स्वतःची स्ट्रिंग. सीची साधी स्ट्रिंग म्हणजे शून्य बाइट येईपर्यंतची अक्षरं, लांबी हवी तर प्रत्येक वेळी मोजत जायचं. यांनी काय केलं तर स्ट्रिंगच्या अक्षरांच्या मागे, म्हणजे मेमरीत आधी, एक छोटा हेडर ठेवला, त्यात लांबी आणि किती जागा घेतलीये ते. पण फंक्शनला जो पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) देतात तो हेडरचा नाही, अक्षरांचा. त्यामुळे हीच स्ट्रिंग सरळ प्रिंटएफला देता येते, सीच्या जुन्या फंक्शनांना कळतच नाही की हे काहीतरी वेगळं आहे, आणि लांबी हवी असेल तेव्हा थोडं मागे जाऊन हेडर वाचायचा. मी हे पहिल्यांदा कागदावर चौकोन काढून बघितलं तेव्हा बराच वेळ त्या चित्राकडेच बघत बसले होते. जुनं मोडलं नाही आणि नवीन सोय मिळाली, दोन्ही एका पॉइंटरच्या जागेवर.

तसंच जागा वाढवताना, नवीन लांबी एक एमबीपेक्षा कमी असेल तर दुप्पट जागा घेतात, त्याच्या वर गेली की फक्त एक एमबी जास्त. आता हे का असं असेल याचा स्वतः विचार कर, मी सांगत नाही, पाच मिनिटात येईल.

दुसरी फाइल डिक्ट डॉट सी. हॅश टेबल, म्हणजे की दिली की तिची नोंद पटकन सापडवणारी खणांची रचना, भरलं की मोठं टेबल घेऊन सगळं तिकडे हलवायचं, हे पुस्तकात असतं. पण रेडिसमध्ये कमांड एका थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक, चालतात, लाखो की हलवायला बसलं तर तेवढा वेळ बाकी सगळे क्लायंट ताटकळणार. म्हणून ते दोन टेबल एकदम ठेवतात आणि प्रत्येक शोध, प्रत्येक नवीन नोंद, प्रत्येक डिलीटच्या वेळी जुन्यातलं एकेक खण नव्यात हलवतात. शोधताना मग दोन्हीकडे बघायला लागतं, नवीन नोंद मात्र नव्यातच. सुरुवातीच्या आवृत्त्यांत हे नव्हतं, नंतर गरज पडली तेव्हा आलं. कॉलेजात शिकलेला हॅश टेबल आणि खरा हॅश टेबल यात नेमका काय फरक असतो ते मला त्या दिवशी कळलं, तिकडे कोणीतरी वाट बघत असतं.

---

जुनी_कमिट

दोघांनीही आजच्या कोडबद्दल लिहिलंय, मी थोडं कालच्या कोडबद्दल लिहितो कारण माझ्या मते खरं शिक्षण तिथे आहे. आज जी फाइल दिसते ती दहा वर्षं लोकांनी घासून पुसून झालेली आहे, तिला बघून आपल्याला वाटतं या लोकांना पहिल्याच फटक्यात असं सुचलं. नाही सुचलं. आणि ते बघण्याचं साधन आपल्या सगळ्यांच्या मशीनवर आहे.

गिट स्वतःच घे, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. त्याची रेपो (इतिहासासकट कोडचा साठा) क्लोन कर आणि लॉग उलटा लावून पहिली कमिट (नोंदवलेला एक बदल) बघ, ७ एप्रिल २००५ ची. ११ फाइली, हजार-बाराशे ओळी, त्यात रीडमी पण आलं. पण ऑब्जेक्ट कसा साठवायचा, ट्री म्हणजे काय, कमिट म्हणजे काय हे सगळं त्यात आहे, एका सुट्टीत वाचून होतं. आजचा गिट वाचून गिट कळत नाही, ती पहिली कमिट वाचून कळतो. मला एक जुनी शंका होती की स्टेज केलेल्या (पुढच्या कमिटसाठी निवडून ठेवलेल्या) गोष्टींचा डिफ, म्हणजे फरक, बघताना ऑप्शन 'कॅश्ड' का म्हणून, स्टेजिंगला इंडेक्स म्हणतात मग कॅश कुठून आलं. पहिल्या कमिटमध्ये हेडर फाइलचं नावच कॅश आहे, अपडेट-कॅश, रीड-कॅश अशा फाइली आहेत. इंडेक्सची कल्पना आधी कॅश म्हणून आली, नाव मागे राहून गेलं. नावं का जपून द्यायची हे मला कोणी सांगून एवढं पटलं नसतं जेवढं ते बघून पटलं, एकदा लोकांच्या बोटात बसलेलं नाव मग बदलता येत नाही.

रोजच्या वापरासाठी सांगतो. एखादी ओळ विचित्र वाटली, उगाच वाटली, की ती उगाच आहे असं ठरवायच्या आधी गिट ब्लेम लाव, ती ओळ शेवटची कुठल्या कमिटमध्ये बदलली ते दिसतं. नुसता लावलास तर बऱ्याचदा कोणीतरी इंडेंटेशन नीट केलेली कमिट समोर येते, म्हणून स्पेसचे बदल सोडून द्यायचा ऑप्शन आहे तो दे, डॅश छोटा डब्ल्यू. तरी नाही मिळालं तर गिट लॉगला डॅश मोठा एस आणि तो शब्द, म्हणजे तो शब्द पहिल्यांदा कधी आला आणि कधी गेला त्या कमिट मिळतात. मग कमिटचा मेसेज वाच आणि त्यात इश्यूचा नंबर असेल तर ती चर्चा वाच. तिथे दोन-तीन जण भांडतात, मी असं करतो, नको त्याने ते मोडेल, मग मधला मार्ग निघतो. तुझे सिनियर रिव्ह्यूमध्ये जे एका ओळीत लिहितात त्याच्यामागचा विचार तिथे पूर्ण लिहिलेला सापडतो.

---

दोन_बाजू

एक वेगळा मुद्दा मांडते, कारण प्रश्नात विचारलंय की चांगला कोड ओळखायचा कसा आणि त्यावर अजून कोणी बोललेलं नाही.

ओपन सोर्स आहे म्हणून चांगला, खूप लोक वापरतात म्हणून चांगला, हे दोन्ही धरून चालू नकोस. इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीतला हार्टब्लीड नावाचा बग २०१४ मध्ये सापडला, तो कोड दोन वर्षं सगळ्यांसमोर उघडा होता. समोरचा सांगतोय की मी एवढे बाइट पाठवले, आणि कोडने त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवून तेवढे बाइट परत पाठवले, खरंच तेवढे आलेत का हे न बघता. त्यामुळे एका विनंतीला ६४ केबीपर्यंत सर्व्हरच्या मेमरीतलं काहीही बाहेर जाऊ शकत होतं. उघडा असणं आणि कोणीतरी लक्ष देऊन वाचलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा सल्ला असा की असे सापडलेले बग आणि त्यांची दुरुस्तीची कमिट हे पण वाचायच्या यादीत घाल, चांगला कोड वाचण्याइतकंच त्याने शिकायला मिळतं.

दुसरं म्हणजे जे चांगलं आहे ते कुठे चांगलं आहे. लिनक्स कर्नलमध्ये (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) फंक्शनच्या शेवटी लेबल लावून गोटू वापरतात, मधे कुठेही एरर आली की तिथे उडी मारायची आणि घेतलेल्या गोष्टी उलट्या क्रमाने सोडत बाहेर पडायचं. त्यांच्या कोडिंग स्टाइलच्या डॉक्युमेंटमध्ये हे कारणासकट लिहिलंय, लेबलला नाव पण ते काय करतं त्यावरून द्या असं सांगितलंय. सीमध्ये हे अगदी योग्य आहे कारण तिथे आपोआप आवरून देणारं कोणी नाही. पायथनमध्ये त्याच कामाला विथ आहे, काम संपलं की घेतलेलं आपोआप सोडून देणारं. म्हणजे घ्यायचं काय तर जे घेतलं ते प्रत्येक वाटेने परत गेलं पाहिजे हा विचार, गोटू नाही. मी स्वतः एकदा एका लायब्ररीतली क्लासची पाच थरांची रचना बघून भारावून आमच्या छोट्या टूलमध्ये तशीच उतरवली होती. त्या लायब्ररीला पन्नास प्रकारचे वापरणारे सांभाळायचे होते, आम्हाला एक. सहा महिन्यांनी मीच ते सगळं काढलं आणि टीममधल्या दुसऱ्या मुलीचे जे चार दिवस त्यात गेले त्याचं मला अजून वाईट वाटतं.

चांगला कोड ओळखायची माझी स्वतःची एक कसोटी आहे. मी एक छोटा बदल मनात ठरवते, समजा एक नवीन ऑप्शन वाढवायचाय, आणि बघते की कुठल्या फाइलला हात लावावा लागेल हे मला किती वेळात सापडतं. दहा मिनिटात सापडलं आणि तो एकाच ठिकाणी असला तर लिहिणाऱ्याने माझा विचार केलाय.

आणि हो, वाचणं वेगळं, उचलून कंपनीच्या रेपोत टाकणं वेगळं. एमआयटी किंवा बीएसडी लायसन्स असलं तर कॉपीराइटची नोट सोबत ठेवावी लागते, जीपीएल असलं तर तुमचं सॉफ्टवेअर बाहेर देताना त्याचा सोर्सही द्यावा लागतो. विचारल्याशिवाय कॉपी करू नकोस.

---

पहिली_ओळ

सगळ्यांचे मनापासून आभार, लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी करून बघायचं ठरवलं होतं. दोन आठवडे झाले.

खालची_फांदी दादा, तुमचं वर्णन वाचून झालं होतं तरी बायसेक्ट फाइल न उघडता लिहायला घेतलं. एवढं सोपं म्हणून बसलो आणि पहिल्या प्रयत्नात प्रोग्रॅम अडकूनच बसला. खालची हद्द मी मधल्या जागेवर आणत होतो, मधल्याच्या पुढच्या जागेवर आणायला हवी होती, दोनच घटक उरले की मधली जागा आणि खालची हद्द एकच आणि लूप संपतच नाही. ते सुधारलं तर सगळ्यात मोठी किंमत शेवटी बसेना, कारण मी वरची हद्द लांबी वजा एक धरली होती. त्यांनी वरची हद्द पूर्ण लांबी धरलीये, म्हणजे शेवटच्या घटकानंतरची रिकामी जागा हे पण उत्तर असू शकतं. आता ती एक ओळ मी आयुष्यात विसरणार नाही.

पण खरं मला सापडलं ते पुढे. फंक्शनच्या सुरुवातीला खालची हद्द निगेटिव्ह दिली तर ते व्हॅल्यू एरर देतात. वरची हद्द लांबीपेक्षा जास्त दिली तर मात्र काही तपासत नाहीत. मला हा हलगर्जीपणा वाटला, मग दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. लिस्टच्या बाहेर हात घातला तर लिस्ट स्वतःच इंडेक्स एरर देते. निगेटिव्ह इंडेक्स मात्र पायथनमध्ये चालतो, तो शेवटून मोजतो, म्हणजे काही न बोलता चुकीचं उत्तर मिळालं असतं. म्हणजे जिथे चूक गपचूप निघून जाणार तिथेच त्यांनी पहारा बसवलाय. माझ्या रिव्ह्यूमध्ये एरर हँडलिंगवरून जे बोलणं यायचं त्याला मी काय करायचो तर सगळीकडे ट्राय-एक्सेप्ट (एरर पकडणारी रचना) लावायचो आणि आत लॉग करून पुढे जायचो. म्हणजे नेमकं उलटं, जी चूक स्वतः ओरडत होती तिलाच मी गप्प करत होतो.

गेल्या आठवड्यात ऑफिसमध्ये फाइल इम्पोर्ट करणारं एक फंक्शन होतं माझं, त्यातले चार ट्राय-एक्सेप्ट काढले आणि दोनच ठिकाणी तपासणी ठेवली, जिथे रिकामी तारीख आजची तारीख म्हणून पुढे जात होती तिथे एक आणि ऋण रक्कम चालून जात होती तिथे दुसरी. फंक्शन पण आपोआप निम्म्यावर आलं. रिव्ह्यूमध्ये एकच कॉमेंट आली, एका व्हेरिएबलच्या नावावर.

शून्य_इंडेक्स ताई, एक एमबीचं उत्तर मला वाटतं असं की छोट्या स्ट्रिंगला दुप्पट केलं तर वाया जाणारी जागा थोडीच असते आणि पुन्हा पुन्हा मेमरी मागायची वेळ येत नाही, मोठ्या स्ट्रिंगला दुप्पट केलं तर रिकामी जागाच प्रचंड होईल. बरोबर आहे का?

आता पुढचा प्रश्न. टेस्ट कशा वाचायच्या? आमच्या टेस्ट म्हणजे सगळं नीट असताना काय होतं तेवढंच बघतात.

---

शून्य_इंडेक्स

बरोबर आहे, अगदी तेच. आणि निगेटिव्ह हद्दीचं मी स्वतः कधी बघितलं नव्हतं, आज उघडून बघितलं, छान पकडलंस.

---

खालची_फांदी

तुझं ट्राय-एक्सेप्टचं वाचून फार बरं वाटलं. टेस्टबद्दल थोडक्यात सांगतो.

नवीन प्रोजेक्ट उघडला की मी आता आधी टेस्टचं फोल्डर उघडतो. फंक्शन काय करतं हे लिहिणाऱ्याला जेव्हा दुसऱ्याला पटवायचं असतं तेव्हा तो टेस्ट लिहितो, म्हणून टेस्टमध्ये त्याचा हेतू जास्त स्पष्ट दिसतो. बायसेक्टच्याच टेस्ट बघ, रिकामी लिस्ट, एकच घटक, सगळे घटक सारखे, निगेटिव्ह हद्द, आणि प्रचंड मोठ्या रेंजवरची पण आहे, ओव्हरफ्लोच्या त्या गोष्टीसाठी. तुझ्या दोन्ही चुका त्या टेस्टनी लगेच पकडल्या असत्या. तर पुढच्या वेळी फाइल लिहिलीस की त्यांच्या टेस्ट तुझ्या कोडवर चालव, इम्पोर्टची ओळ बदलून.

सगळं बिनसल्यावर काय होतं याच्या टेस्ट कशा लिहायच्या हे बघायचं तर एसक्यूलाइट हा डेटाबेस घे. त्यांच्याच साइटवर दिलंय की टेस्टचा कोड मूळ कोडच्या सुमारे ५९० पट आहे. सगळा वाचायचा नाहीच, एकच कल्पना घे. मेमरी संपली तर काय, हे ते कसं तपासतात? मेमरी देणारं फंक्शन बदलून टाकतात, ते पहिल्याच मागणीला मुद्दाम नकार देतं. मग तीच टेस्ट पुन्हा, आता दुसऱ्या मागणीला नकार. मग तिसऱ्या. असं करत जातात, जोपर्यंत एकही नकार न मिळता काम पूर्ण होत नाही. म्हणजे कोडमध्ये जिथे जिथे मेमरी मागितलीये त्या प्रत्येक जागी एकदा तरी अपयश आणून बघितलेलं असतं, कुठली जागा राहिली का हे माणसाला आठवावं लागत नाही. फाइल लिहिताना डिस्कने एरर दिली तर काय, त्यासाठी पण हीच युक्ती.

तुझ्या इम्पोर्टच्या फंक्शनला हे उद्याच लावता येईल. फाइलमधून ओळ वाचणारा जो भाग आहे त्याच्या जागी खोटा वाचणारा दे, तो पहिल्या ओळीला एरर देईल, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि दरवेळी डेटाबेसमध्ये अर्धवट काही राहिलं का ते मोज. दहा-पंधरा ओळींची टेस्ट होईल. काय सापडतं ते इथेच लिही, मला बघायचंय.